एक न दिलेली आज्ञा

"दादा, मेल उतरतच नाहीये. तिसरीवर येऊन अडकते, मग लाइन तुटते, मग पुन्हा पहिलीपासून."

साल २००० च्या आसपासचं. घर पुण्यात, मी कामानिमित्त नागपुरात, आणि फोनवर धाकटा भाऊ. ती तिसरी मेल कुणाची, हे दोघांनाही ठाऊक होतं. अमेरिकेतल्या मामेबहिणीनं बाळाच्या बारशाचे फोटो पाठवले होते. तिच्या ऑफिसातल्या इंटरनेटला २ एमबी म्हणजे किस झाडकी पत्ती. आमच्या घरचा, फोनच्या तारेवरून इंटरनेट आणणारा मोडेम मात्र चांगल्या दिवशी सेकंदाला ३३.६ किलोबिट ओढायचा. त्यात मेलमधून फोटो जातात ते अक्षरांचं सोंग घेऊन. बेस-६४ नावाच्या पद्धतीत दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात, म्हणजे २ एमबीचे फोटो वाटेत २.७ एमबीच्या घरात जातात. हिशेब केला तर लाइन एकदाही न तुटता सलग अकरा मिनिटं. आमच्याकडे ती पाच मिनिटं टिकली तरी सण.

"थांब, इथून काढून टाकतो," म्हणालो आणि सीताबर्डीवरचा एक सायबर कॅफे गाठला. तेव्हा मेलटूवेबसारख्या काही सेवा होत्या. पानावर दोन चौकोन, एकात घरचा ईमेल पत्ता टाकायचा, दुसऱ्यात पासवर्ड. बस. हॉटमेलपेक्षा हे वेगळं होतं. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ ला हॉटमेल सुरू केलं, तेही ऑफिसात बसून आपली खासगी मेल बघता येत नाही या स्वतःच्याच अडचणीतून. पण हॉटमेलवर पत्ताही हॉटमेलचाच घ्यावा लागे. इथे पत्ता आपला जुनाच, घरचा. खिडकी तेवढी परक्याची.

लोकांना ही जादू वाटायची. 'घरच्या कॉम्प्युटरमधली मेल नागपुरात कशी दिसते?' तर ती घरच्या कॉम्प्युटरमध्ये नव्हतीच. मेल येऊन पडते ती इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरवर, पोस्टातल्या आपल्या नावाच्या खणात. घरचा कॉम्प्युटर फोन लावून तिथे जातो आणि उचलून आणतो. ही उचलाउचल ज्या भाषेत चालते तिचं नावच पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, म्हणजे पॉप. तिची तिसरी आवृत्ती १९८८ मधली, आणि भाषा इतकी तुटपुंजी की प्रत्येक आज्ञा तीन-चार रोमन अक्षरांत संपते.

संभाषण साधारण असं चालतं. कॉम्प्युटर म्हणतो 'यूजर' आणि नाव सांगतो. सर्व्हर म्हणतो 'ओके'. मग 'पास' आणि पासवर्ड, पुन्हा 'ओके'. 'लिस्ट' म्हटलं की सर्व्हर यादी वाचतो: पहिली इतक्या बाइटची, दुसरी इतक्या, तिसरी सत्तावीस लाखांच्या पुढे. 'रेट्र १' म्हणजे पहिली दे. 'डिले १' म्हणजे पहिली टाकून दे. शेवटी 'क्विट', येतो आम्ही.

घरचा मेल प्रोग्राम बहुधा 'रेट्र' झालं की लगेच 'डिले' म्हणायचा. पत्र घेतलं, खण रिकामा. सर्व्हरवरची जागा तेव्हा महाग होती, त्यामुळे तोच शिरस्ता. वेबवरची सेवा हेच सगळं बोलायची, फक्त आपण सांगितल्याशिवाय 'डिले' म्हणायची नाही. ती सर्व्हरला आपल्या नावानं हाक मारायची, पत्र मागून घ्यायची, वेबपानाच्या साच्यात ओतून ब्राउझरमध्ये दाखवायची आणि मूळ पत्र होतं तिथेच ठेवून निघून यायची. घरच्या कॉम्प्युटरला पत्ताही लागत नसे की मध्ये कुणी येऊन वाचून गेलं. सगळी करामत त्या एका न दिलेल्या आज्ञेत होती.

पत्र अख्खं उतरवायचीही गरज नव्हती. 'टॉप' नावाची आणखी एक आज्ञा अनेक सर्व्हरांना कळायची. ती दिली की मेलचा माथा आणि सांगाल तेवढ्या ओळी मिळतात. कुणाची, कधीची, विषय काय, एवढं कळायला पाकिटावरचा मजकूर पुरतो.

माझं मात्र त्या दिवशी पहिल्या फटक्यात जमलं नाही. पान म्हणे, खण वापरात आहे. कारण पॉपचा नियमच तसा: एक जण खणाशी उभा असेल तोवर दुसऱ्याला कुलूप. माझा फोन ठेवताच भावानं पुन्हा मोडेम लावला होता. त्याला सांगावं म्हणून बाहेरच्या एसटीडी बूथवरून घरी फोन केला, तर एंगेज. मोडेमही त्याच फोनच्या तारेवर! मेल उघडत नव्हती आणि फोनही लागत नव्हता, दोन्हीचं कारण एकच. चहा घेतला, लाइन आपोआप तुटायची वाट पाहिली. तुटलीच.

पण त्याच्या हातची आधीची पत्रं त्या तुटण्यात गेली नव्हती. 'डिले' म्हटल्यावर सर्व्हर पत्रावर फक्त खूण करतो. खरोखर टाकतो ते 'क्विट' ऐकल्यावरच. निरोप न घेता माणूस गायब झाला तर सगळ्या खुणा पुसल्या जातात. म्हणूनच तर त्याची मेल दर वेळी पहिलीपासून सुरू होत होती. तो वैतागत होता. प्रोटोकॉल त्याची पत्रं राखत होता.

एक गंमत राहिली. मराठीत आलेली मेल कॅफेत उघडली की नुसती रोमन अक्षरांची भेळ दिसायची. तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्याच जागांवर देवनागरीचे आकार बसवत. फॉन्ट घरी, मजकूर नागपुरात. प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःची जागा देणारी युनिकोड पद्धत रुळेपर्यंत हे चाललं.

आणि पासवर्ड? आज विचार केला की अंगावर काटा येतो. परका कॉम्प्युटर, परकी सेवा, आणि पॉपच्या साध्या बोलण्यात पासवर्ड तारेवरून उघडावाघडा जायचा. घराची किल्ली रस्त्यावरच्या माणसाच्या हातात देऊन 'जरा आत बघून ये' म्हणण्यातला प्रकार. आता ओऑथ पद्धतीत दुसऱ्या सेवेला किल्ली द्यावीच लागत नाही. आपण मेल कंपनीकडेच लॉगिन करतो आणि ती त्या सेवेला मर्यादित कामाचा परवाना देते, जो मागाहून रद्द करता येतो.

पॉपला पर्याय तेव्हाही होता. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला आयमॅपची सुरुवात केली होती. त्यात पत्र सर्व्हरवरच राहतं. फोन, लॅपटॉप, ऑफिस या नुसत्या खिडक्या. आज आपण सर्रास तेच वापरतो किंवा त्याच विचाराचं काहीतरी, त्यामुळे 'घरची मेल' हा शब्दच उरला नाही.

चहानंतर पुन्हा बसलो, तिसऱ्या मेलपुढे टिचकी मारली, 'डिलीट' दाबलं आणि नीट बाहेर पडलो. आतल्या आत 'क्विट' गेलं असणार. रात्री भावाचा फोन आला, बाकीच्या सगळ्या मेल उतरल्या होत्या. बारशाचे फोटो पुढच्या महिन्यात पाकिटातून आले, सदाशिव पेठेच्या पोस्टमनच्या हातून.