“हिचे केस वाढतच नाहीत!” : आफ्रो केसांच्या घरच्या निगेबद्दल

आफ्रो, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या बारीक कुरळ्या केसांबद्दलचं हे पत्रक आम्ही आधी इंग्रजीत छापलं होतं. आमच्याकडे वेण्या घालायला येणाऱ्या सुदानी, केनियन, नायजेरियन विद्यार्थिनींनी ते हसून घेतलं आणि जाताना टेबलावरच ठेवून गेल्या. त्यातलं सगळं त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. वाचायला हवं होतं ते अशाच केसांच्या नातीला घेऊन येणाऱ्या आज्यांनी आणि लेकीच्या डोक्यावरचा गुंता बघून रडकुंडीला आलेल्या आयांनी. म्हणून आता मराठीत. पुण्यातल्या आमच्या दुकानात आम्ही दोघी असतो. एक इथलीच, दुसरी नायजेरियातल्या लागोसची, योरुबा समाजाची, पण आता इथली सून. खाली लिहिलेलं बरंचसं तिच्या आईच्या हातचं आहे.

वाढतात, पण तुटतात

सरळ केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. आफ्रो केस थोडा सावकाश, पाऊण ते एक सेंटिमीटर. म्हणजे वर्षाला नऊ ते बारा सेंटिमीटर झालेच. मग ते जातात कुठे? टोकाला तुटतात. मुळाशी जेवढी जमा, टोकाशी तेवढाच खर्च. त्यामुळे दोन वर्षांनीही लांबी तिथल्या तिथे.

याचं कारण केसाच्या घडणीत आहे. या केसाचं मूळच त्वचेत वाकडं असतं आणि केस गोल नसून चपटा असतो, म्हणून तो स्प्रिंगसारखा वळत वर येतो. प्रत्येक वळण ही एक कच्ची जागा. डोक्याच्या त्वचेतून येणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून घसरत खाली जातं, इथे ते पहिल्या दोन-चार वळणांतच अडकतं. म्हणून मुळं तेलकट आणि टोकं वाळक्या गवतासारखी. त्यात शेजारची स्प्रिंग शेजारच्या स्प्रिंगेत अडकते. हे केस जाड, राठ दिसतात, पण हाताळायला सगळ्यांत नाजूक हेच.

शिवाय ते आकसतात. ओली बट ताणली तर खांद्याच्या खाली जाते, सुकली की कानाशी येऊन बसते. तेव्हा आरशात बघून लांबी ठरवू नका. कानामागची एकच बट दर तीन महिन्यांनी ताणून मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.

धुणं

रोज नको, एक दिवसाआडही नको. आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांनी एकदा पुरे.

आदल्या रात्री खोबरेल लावा. डोक्यावर चोळायचं नाही, केसांच्या लांबीला आणि टोकांना लावायचं. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलानं कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. (संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, हेही सांगून ठेवतो. पण आमचा अनुभव तोच आहे.) कोंडा असेल तर मात्र डोक्याला तेल नकोच. कोंड्यामागची बुरशी त्याच तेलावर पोसते.

दुसऱ्या दिवशी केसांचे चार किंवा सहा भाग करून प्रत्येकाचा सैल पीळ घाला. एका वेळी एकच भाग सोडायचा. शाम्पू फक्त डोक्याच्या त्वचेला, बोटांच्या पेरांनी. केस डोक्यावर गोळा करून फेस काढायची आपली सवय इथे सोडा, त्या एका कृतीत अर्ध्या तासाचा गुंता होतो. मग कंडिशनर, आणि तो भरपूर. “एवढा?” असं वाटेल त्याच्या दुप्पट. तो केसांत असतानाच आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या फणीनं गुंता काढायचा. सुरुवात टोकांपासून, हळूहळू वर मुळांकडे. मुळांपासून खाली फणी ओढलीत की सगळे गुंते एका जागी येऊन घट्ट गाठ बसते आणि मग कात्रीशिवाय इलाज उरत नाही. भाग झाला की पुन्हा पीळ घालून पुढचा भाग. पहिल्यांदा दीड तास लागेल. कार्टून लावून बसवा.

हे केस कोरडे असताना विंचरू नका. आमच्या लागोसच्या जोडीदारणीच्या आई कोरड्या केसांत फणी घालणाऱ्याच्या हातावर ती फणीच मारतात.

शिकेकाईला आमचा विरोध नाही, पण तिची भुकटी वळणांत अडकून बसते आणि धुऊन निघत नाही. काढा करून, दोनदा गाळून वापरा. रिठ्यानं केस फारच कोरडे पडतात. आणि बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर क्षार साचून केस पुठ्ठ्यासारखे होतात. शेवटचे दोन तांबे तरी पिण्याच्या पाण्याचे घ्या.

टॉवेलनं खसाखसा पुसू नका. जुना सुती टी-शर्ट गुंडाळा. केस ओलसर असतानाच थोडं क्रीम आणि त्यावर किंचित शिया बटर, म्हणजे ओल आत राहते. शिया हे पश्चिम आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांचं लोणी. घाना, बुर्किना फासोकडे ते घरोघरी असतं. आमच्याकडे सुटं मिळतं.

वेण्या, पीळ, दोरा

लांबी टिकवायची तर टोकं झाकून ठेवायची आणि केसांना सारखा हात लावायचा नाही. मध्य आफ्रिकेतल्या चाड देशातल्या बसारा जमातीच्या बायकांचे कमरेपर्यंतचे केस दाखवून हल्ली ‘चेबे’ पावडर विकतात. आमच्याकडेही आहे, पण विकण्याआधी एवढं सांगतो: त्या बायका ती तेलात कालवून फक्त लांबीला लावतात, वर वेण्या घालतात आणि कित्येक दिवस सोडत नाहीत. पावडरीनं मुळं जागी होत नाहीत. केस तेलात, बंद आणि शांत राहतात म्हणून तुटत नाहीत. हेच काम साधे दोनपदरी पीळही करतात.

योरुबांमध्ये ‘इरुन किको’ म्हणून एक पद्धत आहे. केसांची बट काळ्या दोऱ्यानं मुळापासून टोकापर्यंत गुंडाळायची. इस्त्रीशिवाय केस ताणले जातात आणि टोकंही झाकली जातात. शिकायला दोन बैठका लागतात, आम्ही शिकवतो.

वेण्या सहा ते आठ आठवड्यांच्या वर ठेवू नका. सोडल्यावर हातात मोठा पुंजका येईल, घाबरू नका. रोज पन्नास ते शंभर केस सगळ्यांचेच गळतात. वेणीत ते अडकून राहतात आणि महिन्याभराचे एकदम निघतात. मुळाशी पांढरा ठिपका असलेला पूर्ण लांबीचा केस म्हणजे गळलेला. ठिपका नसलेले आखूड तुकडे दिसले, तर ते तुटलेले. काळजी त्या तुकड्यांची करा.

आणि घट्टपणा! आपल्याकडे चापूनचोपून घातलेली वेणी म्हणजे नीटनेटकं पोर. पण वेणी घातल्यावर डोकं दुखत असेल, कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या येत असतील, तर ती सोडा, लगेच. रोजच्या ओढीनं कानशिलावरचे केस जातात. लवकर थांबलात तर परत येतात, वर्षानुवर्षं ओढलेत तर मूळच मरतं. दुखलं तर सांगा, आम्ही पैसे न घेता सैल करून देतो.

शाळा “केस नीट बांधून पाठवा” म्हणते तेव्हा जपून सपाट घातलेल्या वेण्याही नीटच असतात. लागली तर आम्ही वर्गशिक्षकांना चिठ्ठी देतो. हा त्रास फक्त आपल्याकडे नाही. केसांवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करू नये म्हणून कॅलिफोर्नियात २०१९ साली कायदाच करावा लागला.

रात्री सॅटिनची टोपी घाला, किंवा उशीला सॅटिनचा अभ्रा. सुती अभ्रा ओल शोषतो आणि केस घासले जातात.

आज्यांचे प्रश्न

“जावळ काढलं की सरळ येतील का?” नाही. वळण मुळात आहे, वस्तऱ्याला ते कळत नाही. बाळाचे पहिले केस मऊ, सरळसर असतात आणि काही महिन्यांनी वळू लागतात. बिघडलं काही नाही.

कांद्याचा रस, तांदळाचं पाणी, अंडं : नको. वास उरतो, लांबी नाही.

“स्मूदनिंग करून टाकू?” लहान मुलांचं आम्ही करत नाही, कितीही आग्रह केलात तरी. केस सरळ करणाऱ्या रसायनांपैकी काहींत कॉस्टिक सोडा असतो, काहींतून इस्त्रीच्या उष्णतेनं फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू सुटतो. मोठ्यांनी करायचं तर सगळं समजून करावं, आणि आमच्याकडे नव्हे.

डोक्यावर गोल चट्टा, माथ्यावर पसरत जाणारी विरळ जागा, किंवा सतत आग आणि खाज असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, नंतर आमच्याकडे.

येताना

केस धुऊन, पूर्ण सुकवून, तेल न लावता या. बारीक वेण्यांना चार ते सहा तास लागतात. मुलांसाठी मध्ये दोनदा सुट्टी घेतो, डबा आणा. वरणभात चालेल, चिक्की नको : तेच चिकट हात मग केसांत जातात.