तळपाय, तेल आणि काशाची वाटी

अंथरुणावर पडल्यावर पाय गारठलेले असले की झोप लांबते. झोप लागण्याआधी शरीर आतलं तापमान किंचित उतरवतं आणि ती उष्णता मुख्यतः तळहात-तळपायांतून बाहेर टाकतं. तिथल्या त्वचेखाली धमन्या आणि शिरा यांना थेट जोडणाऱ्या बारीक वाहिन्या असतात. त्या उघडल्या की गरम रक्त त्वचेजवळ येतं, पाय उबदार होतात आणि शरीर आतून निवतं. पाय गार असले की या वाहिन्या आकसलेल्या राहतात.

‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात वाग्भटाने रोज अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं, करायला सांगितलंय, त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विशेष. अभ्यंगाच्या फायद्यांत चांगली झोपही मोजली आहे. आपल्याकडे याचं घरगुती रूप म्हणजे काशाच्या वाटीने तळपाय घासणं.

जेवण साडेसात-आठला उरकावं, कारण अजीर्ण असताना वाग्भटाने अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. झोपण्याच्या अर्धा तास आधी पाय कोमट पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा. थंडीत तिळाचं तेल, उन्हाळ्यात खोबरेल किंवा तूप. दोन्ही पायांना मिळून चहाचा एक चमचा पुरतो. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा. मग काशाच्या वाटीचा बुडाकडचा गुळगुळीत भाग टाचेपासून बोटांकडे आणि गोल फिरवत एकेका तळव्याला पाच-सात मिनिटं घासा. हात तेलकट असल्यामुळे तेवढा वेळ मोबाइलही बाजूला राहतो, आणि त्याचा प्रकाश डोळ्यांवर न पडणं मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकासाठी चांगलं.

थोड्या वेळाने तळवे काळपट होतात. ‘अंगातली उष्णता निघाली’ असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. कासं म्हणजे साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. घासताना धातूचे अतिसूक्ष्म कण तेलात मिसळतात, त्याचा हा रंग. तेल लावलेल्या फडक्यावर वाटी दाबून घासली तरी फडकं काळवंडतं. त्यामुळे तळवे काळे झाले नाहीत तर निराश होऊ नका. काम करतात ती ऊब आणि मर्दन. वाटी घेताना टिचकी मारून पाहा: काशाचा नाद लांबतो, पितळेचा लवकर विरतो. कासं ठिसूळ असतं, फरशीवर पडलं तर तडकतं.

बेचक्यांत तेल राहू देऊ नका. कोकणासारख्या दमट हवेत तिथे चिखल्या होतात. तेल पुसून जुने सुती मोजे घाला, नाहीतर रात्री उठल्यावर फरशीवर पाय घसरतो. ताप किंवा तळव्याला जखम असेल तर हे करू नका. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर ती चोळू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते. तेल किती गरम आहे ते पायाला कळत नाही, म्हणून आधी मनगटावर थेंब टाकून पाहा आणि वाटीऐवजी नुसत्या हाताने हलकेच चोळा.