डब्ल्यूएमएम की क्यूओएस? कॉल नेमका कुठे अडकतोय ते आधी बघा

राउटरच्या वायरलेस पानावर ‘डब्ल्यूएमएम’चा (वाय-फाय मल्टिमीडिया) टिकबॉक्स असतो आणि भलत्याच पानावर ‘क्यूओएस’ (क्वालिटी ऑफ सर्व्हिस) नावाचा मेन्यू. दोन्हीकडे प्राधान्याचीच भाषा, त्यामुळे एक चालू असलं की दुसऱ्याचं काम भागलं असं वाटतं. तसं होत नाही. डब्ल्यूएमएमची रांग हवेत, म्हणजे वाय-फायवर लागते, क्यूओएसची इंटरनेटच्या लाइनीच्या तोंडाशी.

डब्ल्यूएमएमला फक्त हवा कळते. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. किती थांबायचं हे चार वर्गांवरून ठरतं: आवाज, व्हिडिओ, साधं आणि बॅकग्राउंड. 5 गिगाहर्ट्‌झवर चॅनल मोकळा झाला की फोनमधलं साधं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) 43 मायक्रोसेकंद थांबतं आणि वर 0 ते 15 मधला कुठलाही आकडा काढून तितके स्लॉट मोजतं. एक स्लॉट 9 मायक्रोसेकंदांचा. आवाजाचं पॅकेट 34 थांबतं आणि आकडा काढतं 0 ते 3 मधला. म्हणजे हमी कसलीच नाही, फक्त नंबर लवकर लागायची शक्यता जास्त. म्हणूनच सगळंच ‘आवाज’ वर्गात कोंबू नये: चारच आकडे आणि काढणारे पाच-सहा, मग दोघांचा आकडा जुळणारच, पॅकेटं एकमेकांवर आदळणारच.

‘डब्ल्यूएमएम बंद करा, वेग वाढेल’ हा सल्ला अजून फिरतो. उलटं होतं. 802.11एन आणि त्यापुढच्या वाय-फाय मानकांचे वेग त्यावरच उभे आहेत. ते बंद केलं की उपकरणं बहुधा 54 एमबीपीएसवर येतात.

क्यूओएसला हवेशी देणंघेणं नाही. घरात कोणी क्लाउडवर फोटो चढवायला घेतले की मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पॅकेटं साचतात आणि कॉलची पॅकेटं त्यांच्या मागे ताटकळतात. उपाय असा की राउटरला लाइनीपेक्षा जरा कमी वेग सांगायचा: अपलोड 40 एमबीपीएस मोजला तर 36 टाका. मग रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते आणि तिच्यात कोणाला पुढे घ्यायचं हे राउटरच्या हातात येतं. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या खुल्या सॉफ्टवेअरवर एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट) हेच करतं, आणि माझ्या मते घरासाठी ते हाताने लिहिलेल्या नियमांच्या यादीपेक्षा बरं.

दुखणं कुठलं ते ओळखायला वाय-फायवरच्या लॅपटॉपवर कमांडच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड), समजा 192.168.1.1, दुसरीत इंटरनेटवरच्या 8.8.8.8 या गूगलच्या सर्व्हरला. आता दुसऱ्या उपकरणावरून मोठं अपलोड सुरू करा. राउटरचा पिंगही 3 वरून 150 मिलिसेकंदांवर उडाला तर हवा तुंबली आहे. चॅनल बदला, 5 गिगाहर्ट्‌झवर या. तो शांत राहून फक्त 8.8.8.8 चा चढला, तर क्यूओएसकडे वळा.

एक मेख मात्र दोघांना जोडते. डब्ल्यूएमएम वर्ग ठरवतं ते पॅकेटवरच्या डीएससीपी खुणेवरून (प्राधान्य सांगणारा आकडा), आणि बाहेरून येताना ती खूण वाटेत बऱ्याचदा पुसली जाते. मग समोरच्याचा आवाज तुमच्या ॲक्सेस पॉइंटवरून (वाय-फाय देणारा डबा) ‘साधा’ म्हणून निघतो. खूण शाबूत असली तरी घोळ आहेच: आवाजाची नेहमीची खूण 46. जुन्या सरधोपट पद्धतीत तिचे वरचे तीन बिट घेतले की 5 येतात, आणि 5 म्हणजे व्हिडिओ. 2018 च्या आरएफसी 8325 या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने ती 6 वर, म्हणजे आवाजात, न्यायला सांगितलं आहे. ॲक्सेस पॉइंटमध्ये ‘क्यूओएस मॅप’ दिसला तर तेवढं तपासा.

आणि दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये लावला असेल तर त्यावर क्यूओएसचा मेन्यू बहुतेक वेळा गायबच असतो. तो लाइन जिथे येते त्या डब्यात शोधायचा.