आधी चित्र, मग गाणं: ऑपेरा मुलांच्या हाती कसा आला

१३ ऑक्टोबर १७९१च्या संध्याकाळी मोझार्टनं व्हिएन्नात घोडागाडी केली आणि संगीतकार सालिएरी व गायिका काव्हालिएरी यांना घेऊन तो स्वतःचाच नवा ऑपेरा पाहायला गेला. दोघांना बसवून तो परत फिरला आणि सासूबाईंना व थोरल्या मुलाला, कार्लला, घेऊन आला. कार्ल तेव्हा सात वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी पत्नीला लिहिलेल्या पत्रात सालिएरीनं केलेल्या कौतुकाचा तपशील आहे, आणि ऑपेराला नेल्यामुळे कार्लला केवढा आनंद झाला, हेही आहे. तो ऑपेरा म्हणजे 'मॅजिक फ्लूट'. त्याच वर्षी छापलेल्या त्याच्या संहितेच्या पुस्तिकेत एक कोरीव चित्र होतं: अंगभर पिसं ल्यालेला, पाठीवर पक्ष्यांचा पिंजरा घेतलेला पारधी पापागेनो. ही भूमिका संहिता लिहिणारा शिकानेडर स्वतःच करत असे. कार्लनं ती पुस्तिका हाती घेतली होती की नाही याची नोंद नाही, पण त्याच्या वयाच्या पुढच्या कित्येक पिढ्यांना पापागेनो आधी कागदावर भेटला, रंगमंचावर नंतर.

संहितेची पुस्तिका ही मुळात मोठ्यांची सोय. १६३७ साली व्हेनिसमध्ये सान कास्सियानो हे तिकीट काढून जाता येईल असं पहिलं ऑपेरागृह उघडलं आणि ऑपेरा राजवाड्याबाहेर आला. गाण्यात शब्द हरवतात, मग ते आपल्याच भाषेतले असले तरी. म्हणून प्रेक्षक पुस्तिका विकत घेऊन मेणबत्तीच्या उजेडात ओळ अन् ओळ वाचत. मुलाला हा मार्ग बंद होता. त्याच्यापुढे तीन-तीन तासांचा खेळ, बऱ्याचदा परकी भाषा, आणि कथानकात प्रेमभंग, विष, खंजीर. ऑपेरा मुलांसाठी सोपा करावा असं शिक्षकांना किंवा संगीतकारांना सुचायला फार उशीर लागला. त्याआधी ते काम केलं छापखानेवाल्यांनी, आणि तेही निव्वळ धंदा म्हणून. या इतिहासातला सगळ्यात मजेदार भाग मला तोच वाटतो.

लंडनमध्ये १८११च्या सुमारास विल्यम वेस्टसारख्या छापखानेवाल्यांनी गाजत्या नाटकांतली पात्रं, पडदे आणि पाखे (रंगमंचाच्या दोन्ही कडांचे उभे पडदे) छापलेले कागद विकायला सुरुवात केली. साधा कागद एक पेनी, रंगवलेला दोन पेन्स. मुलं ते पुठ्ठ्यावर चिकटवत, कातरीनं कापत, छोट्या लाकडी रंगमंचावर उभे करत आणि तारेच्या टोकाला पात्र अडकवून आत-बाहेर सरकवत. सोबत कापून-छाटून आणलेल्या संवादांची पुस्तिका मिळे. जर्मन संगीतकार वेबरचा 'डेर फ्रायशुट्झ' हा ऑपेरा १८२१ साली बर्लिनमध्ये आला, १८२४मध्ये लंडनच्या एकाहून अधिक नाट्यगृहांत त्याच्या आवृत्त्या लागल्या, आणि पाठोपाठ तो या कागदांवरही उतरला. सैतानाशी करार करून सात जादूच्या गोळ्या ओतून घेण्याचा, अंधाऱ्या दरीतला प्रवेश त्यात आहे. घरच्या टेबलावर भुतं नाचवायला आणखी काय हवं! जर्मनीत माइन्झचा शोल्झ आणि एसलिंगनचा श्रायबर, व्हिएन्नात ट्रेन्टसेन्स्की यांनी हाच व्यवसाय मोठा केला. जर्मन कागदांत 'मॅजिक फ्लूट'पासून 'लोएनग्रिन'पर्यंतचे ऑपेरे होते.

या खेळात संगीत जवळपास नव्हतंच. घरात कुणी पियानो वाजवलाच तर तेवढा. पण कोण कुठून प्रवेश करतो, कोणत्या क्षणी दिवे मंद होतात, राजकन्या कुठं उभी राहते, हे मुलाला हातानं माहीत असे. पुढं नाट्यगृहात गेल्यावर कथा समजून घेण्यात शक्ती खर्च होत नसे. कान मोकळे राहत. आजच्या ऑपेरागृहांचे शिक्षणविभाग नेमकं हेच साधायला धडपडतात. ते त्या छापखान्यांनी नकळत साधलं होतं, हे मान्य करायला हवं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगीत शिळाछाप स्वस्त झाली आणि चित्र आणखी खाली, थेट स्वयंपाकघरापर्यंत उतरलं. लीबिग कंपनी मांसाचा अर्क विकत असे आणि गिऱ्हाइकांना रंगीत पत्ते भेट देई, बहुधा सहा-सहांचा संच. त्यांत ऑपेरांच्या कथांचे अनेक संच होते आणि ते वेगवेगळ्या भाषांत छापले जात. सहा चित्रांत अख्खा ऑपेरा बसवायचा म्हणजे काय ठेवायचं आणि काय गाळायचं याचा निर्णय आलाच, आणि आजही चित्रपुस्तक करणाऱ्याला तोच पहिला पेच पडतो. पुढं ग्रामोफोनवाल्यांनीही हीच वाट धरली. अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीनं १९१२ साली ऑपेरांच्या कथांचं सचित्र पुस्तक काढलं; त्यात प्रत्येक कथेबरोबर आपल्या ध्वनिमुद्रिकांची यादी होती. हेतू तबकड्या खपवण्याचा, पण चित्र, गोष्ट आणि आवाज एकत्र आले ते असे. त्याच्या आदल्याच वर्षी कंपनीनं फ्रान्सिस क्लार्क या संगीतशिक्षिकेच्या हाती शाळांसाठीचा विभाग सोपवला होता.

संगीतकारांच्या बाजूनं पहिलं मोठं पाऊल पडलं ते घरगुती कारणानं. आडेलहाइड वेटे हिनं आपल्या मुलांसाठी 'हेन्झेल आणि ग्रेटेल'च्या लोककथेवर काही गाणी रचली आणि भावाला चाली लावायला सांगितल्या. भाऊ होता एंगेलबर्ट हम्परडिंक. त्या गाण्यांचा वाढत वाढत पूर्ण ऑपेरा झाला आणि २३ डिसेंबर १८९३ रोजी वायमारमध्ये रिखार्ड स्ट्राउसच्या संचालनाखाली रंगला. लोककथेतले आईबाप मुलांना मुद्दाम रानात सोडून येतात. वेटेबाईंच्या संहितेत आई रागाच्या भरात त्यांना स्ट्रॉबेऱ्या वेचायला धाडते. एवढ्या बदलानं गोष्टीतलं विष उतरलं, भीती मात्र शाबूत राहिली. गोष्ट आणि तिची चित्रं प्रत्येक जर्मन मुलाच्या आधीच ओळखीची असल्यामुळे वाद्यवृंद संगीतकार वाग्नरच्या तोडीचा भरघोस असूनही कुणी बिचकलं नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं २५ डिसेंबर १९३१ रोजी रेडिओवर पहिला पूर्ण ऑपेरा ऐकवला, तोही हाच.

मग विसाव्या शतकात उलटी गंगा वाहू लागली, चित्रांतूनच ऑपेरा जन्माला येऊ लागले. ब्रनोच्या 'लिदोव्हे नोव्हिनी' या दैनिकात १९२० साली एका चलाख कोल्हीची गोष्ट क्रमशः येत होती. स्तानिस्लाव लोलेकची चित्रं आधी तयार होती. त्यांना मजकूर लिहिण्याचं काम पत्रकार तेस्नोह्लीदेकच्या गळ्यात पडलं. चेक संगीतकार यानाचेकच्या घरी काम करणाऱ्या मारी स्तेयस्कालोव्हा ते वाचून हसत, आणि त्यावरून संगीतकाराचं लक्ष तिकडं गेलं, असं सांगतात. १९२४मध्ये त्याचा ऑपेरा झाला. बेडूक, टोळ आणि कोल्ह्याची पिल्लं यांच्या भूमिका त्यात बरेचदा मुलंच करतात. पण गंमत पाहा: मूळ गोष्ट कोल्हीच्या लग्नापाशी संपते, आणि यानाचेकनं तिचा मृत्यू मुद्दाम घातला. जे इतर लोक मुलांसाठी काढून टाकत होते, ते त्यानं आणून ठेवलं.

संगीतकार मेनोत्तीला 'अमाल' या ऑपेराचा विषय सुचला तो न्यूयॉर्कच्या संग्रहालयातलं चित्रकार बॉशचं एक चित्र पाहून. २४ डिसेंबर १९५१ रोजी तो ऑपेरा थेट दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोचला. लेखक-चित्रकार मॉरिस सेंडाकच्या १९६३च्या रानटी प्राण्यांच्या चित्रपुस्तकावर संगीतकार ऑलिव्हर नसननं ऑपेरा केला. १९८०मध्ये तो ब्रसेल्सला आला आणि पूर्ण रूपात १९८४मध्ये लंडनला, ग्लाइंडबोर्न या इंग्लिश ऑपेरासंस्थेतर्फे; संहिता आणि नेपथ्य दोन्ही सेंडाकचंच. पुस्तकात धिंगाण्याची पानं बिनशब्दांची आहेत. शब्द थांबले तिथं ऑपेरात संगीताला मोकळं रान मिळालं.

सेंडाकचं आणखी एक काम इथं सांगायलाच हवं. चेक संगीतकार हान्स क्रासाचा 'ब्रुंडिबार' हा मुलांनी गायचा छोटा ऑपेरा: आजारी आईसाठी दूध आणायला निघालेली दोन भावंडं आणि त्यांना हुसकावणारा बाजारातला वाजंत्री. १९४३ साली टेरेझीनच्या नाझी छावणीत तिथल्याच मुलांनी तो सादर केला. पंचावन्न प्रयोग झाले. गाणारी बहुतेक मुलं पुढं मारली गेली आणि क्रासाही १९४४मध्ये आउशविट्झमध्ये. २००३ साली नाटककार टोनी कुशनरच्या मजकुरासह सेंडाकनं त्याचं चित्रपुस्तक केलं. मजकूर गोष्टीबाहेर जात नाही. छावणीची सावली चित्रांत येते, नाझींनी ज्यूंना कपड्यांवर सक्तीनं लावायला लावलेल्या पिवळ्या ताऱ्यांतून. सहा वर्षांच्या मुलाला ते तारे नुसते दिसतील, बारा वर्षांचं मूल विचारील. मजकुरात हे स्पष्टीकरण घातलं असतं तर दोघांचंही नुकसान झालं असतं.

मृत्यूचं काय करायचं, हा प्रश्न इथं सारखा आडवा येतो. मेट्रोपॉलिटनमध्ये १९८५च्या जानेवारीत 'आयडा' या ऑपेरात नायिकेच्या भूमिकेत निरोप घेतलेल्या गायिका लिओन्टिन प्राइसनं १९९० साली ती कथा मुलांसाठी स्वतः सांगितली. चित्रं लिओ आणि डायन डिलन यांची. शेवटी नायक-नायिका बंद तळघरात जीव सोडतात, तो शेवट तसाच ठेवला आहे. मला हे योग्य वाटतं. ऑपेराचा शेवट बदलून सांगितलेलं मूल पुढं नाट्यगृहात बसतं तेव्हा ते फसवलं गेलेलं असतं.

संस्था जाग्या झाल्या त्या मुख्यतः गेल्या तीसेक वर्षांत. कोलोनमध्ये १९९६ साली मुलांचा ऑपेरा सुरू झाला, व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरानं १९९९मध्ये गच्चीवर मुलांसाठी तंबू ठोकला, वाग्नरच्या ऑपेरांच्या महोत्सवासाठी प्रसिद्ध असलेल्या बायरॉइटमध्ये २००९पासून वाग्नर काटछाट करून मुलांसमोर येतो. मेट्रोपॉलिटननं २००६च्या अखेरीस 'मॅजिक फ्लूट' इंग्रजीत, सुमारे शंभर मिनिटांत आणला. त्याआधी १९८३ साली टोरोंटोत रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी झळकू लागल्या होत्या आणि मोठ्यांची अडचण बरीचशी सुटली होती. पण नुकतं वाचू लागलेलं मूल त्या ओळींचा पाठलाग करू शकत नाही. वर पाहावं तर खालचं निसटतं. चित्रांतून गोष्ट आधीच सांगून ठेवण्याची गरज त्यामुळे उरलीच.

चित्र किती बोलावं, यावर मात्र एकमत नाही. बर्लिनच्या कोमिशे ओपर या ऑपेरागृहातला २०१२चा 'मॅजिक फ्लूट' जवळजवळ पूर्ण हलत्या चित्रांत आहे. गायक पडद्यावरच्या ठरलेल्या जागी उभे राहतात, बोलण्याचे संवाद काढून मूकपटासारख्या पाट्या घातल्या आहेत. डोळ्यांचं पारणं फिटतं, पण कान मागं पडतो, असं मला वाटतं. याउलट लॉटे राइनिगरनं १९३५ साली काळ्या कागदाच्या सावल्यांतून केलेला 'पापागेनो' हा छोटा बोलपट पाहावा. सावलीला ना डोळे, ना रंग. भाव ऐकूनच कळतो.

पुस्तकाचं पान या दोहोंच्या मधे बसतं, कारण ते थांबतं. ऑपेरातलं एकल गाणंही असंच थांबलेलं असतं: गोष्ट पुढं सरकत नाही, एकच राग किंवा एकच दुःख कित्येक मिनिटं गायलं जातं. एकोणिसाव्या शतकातल्या कागदी रंगमंचाकडे त्या क्षणी ऐकवायला काही नव्हतं. आज पुस्तकासोबत ध्वनिमुद्रण असतं. चांगली पुस्तकं तिथं मजकूर आटोपता घेतात, अख्खं पान चित्राला देतात आणि गाणं लावायला सांगतात. 'मॅजिक फ्लूट'मधल्या रात्रीच्या राणीचं सूडाचं गाणं जेमतेम तीन मिनिटांचं आहे. तेवढा वेळ पान न उलटता बसणं पाच वर्षांच्या मुलाला सहज जमतं.