पॅरासिटामॉल: मोजायचे ते मिलिग्रॅम, गोळ्या नव्हेत

तापाची गोळी घेतली की तासाभरात घाम फुटतो आणि ताप उतरतो. गोळी अंग थेट गार करत नाही. संसर्ग झाला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई२ वाढते आणि ते गीझरचा काटा वर सरकवावा तसे शरीराचे ठरलेले तापमान वर नेते. म्हणून अंग तापलेले असतानाही हुडहुडी भरते. पॅरासिटामॉल मेंदूत हे रसायन तयार होऊ देत नाही. काटा खाली येतो आणि जास्तीची उष्णता घामावाटे बाहेर पडते. सुजलेल्या जागी मात्र त्याचे फारसे चालत नाही. पाय मुरगळला तर ठणका कमी होईल, सूज तशीच राहील.

गोळी शोषली जाते लहान आतड्यात. पोट भरलेले असेल तर ती जठरातच रेंगाळते आणि गुण यायला उशीर होतो. ‘काहीतरी खाऊन मग घे’ हा सल्ला आयब्युप्रोफेन या दुसऱ्या वेदनाशामकासाठी ठीक, हिला त्याची गरज नाही. रक्तातले औषध दर दोन-तीन तासांनी निम्मे होते, म्हणून पुढची गोळी चार ते सहा तासांनी.

खरी गोष्ट यकृतात घडते. तिथे बहुतांश औषध निरुपद्रवी होऊन लघवीवाटे जाते, पण ५ ते १० टक्क्यांचे एनएपीक्यूआय नावाचे विष बनते. यकृतातले ग्लुटाथिओन ते तिथल्या तिथे निकामी करते. हा साठा मर्यादित असतो. रोज दारू पिणाऱ्यात किंवा उपाशी माणसात आणखी कमी. तो संपला की विष यकृताच्या पेशींवरच उलटते. निरोगी प्रौढाला २४ तासांत ४००० मिग्रॅची मर्यादा आहे ती यामुळेच.

ती ओलांडायला फारसे काही लागत नाही. तापासाठी ६५० मिग्रॅच्या चार गोळ्या, म्हणजे २६०० मिग्रॅ. सर्दीची मिश्र गोळी तीनदा, दरवेळी ५०० मिग्रॅ. कंबरदुखीवरची ॲसिक्लोफिनॅक या वेदनाशामकाची मिश्र गोळी दोनदा, तिच्यातही पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ. बेरीज ४७५०. तिन्ही पाकिटांची नावे वेगळी, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. नाव नको, मागचा बारीक मजकूर वाचा.

जास्त मात्रेची फसवी बाजू अशी की पहिल्या दिवशी फक्त मळमळ आणि उलटी होते, काहींना तेवढेही नाही. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, पण यकृत तेव्हाच बिघडत असते. कावीळ नंतर दिसते. उतारा आहे: एन-ॲसिटिलसिस्टीन. ते ग्लुटाथिओनचा साठा पुन्हा भरते. आठ तासांच्या आत दिले तर यकृत जवळजवळ नक्की वाचते. म्हणून त्रास होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

लहान मुलांत घोटाळा होतो तो चमच्याने. मात्रा वजनावर: दर किलोला एका वेळी १० ते १५ मिग्रॅ. दहा किलोच्या बाळाला १०० ते १५० मिग्रॅ. बाजारात थेंबांची बाटली मिळते, १ मिलिमध्ये १०० मिग्रॅ. सिरप मिळते, ५ मिलिमध्ये १२० किंवा २५० मिग्रॅ. त्याच बाळाला पहिल्या सिरपचा ५ मिलिचा चमचा बरोबर बसतो, दुसऱ्याचा अर्धाच पुरतो. थेंबांच्या बाटलीतून चमचाभर दिले तर एका घोटात ५०० मिग्रॅ जातात. ते औषध तिच्याच खोक्यातल्या ड्रॉपरने, एक ते दीड मिलि.