हॅवलॉकची स्कूबा डे-ट्रिप : निवड कशी करायची

सकाळी निघायचं, एक किंवा दोन डाइव्ह करायच्या आणि दुपारच्या जेवणाला परत बेटावर, एवढ्याला स्कूबाची डे-ट्रिप म्हणतात. बोटीवरच मुक्काम करून फिरतात तो लिव्हअबोर्ड, तो प्रकार वेगळा. भारतात डे-ट्रिपचं सगळ्यात गजबजलेलं ठिकाण म्हणजे अंदमानातलं हॅवलॉक. डिसेंबर २०१८ मध्ये त्याचं नाव स्वराज द्वीप झालं, पण डाइव्ह शॉपवाले काय आणि टूरवाले काय, सर्रास हॅवलॉकच म्हणतात. पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) फेरीने दीड ते अडीच तास लागतात. मराठी मंडळी सेल्युलर जेल बघायला म्हणून अंदमानला मोठ्या संख्येने जातात आणि हॅवलॉकचे एक-दोन मुक्काम पॅकेजमध्ये असतातच, त्यात स्कूबा कुठेतरी कोंबलेलं असतं, आणि नेमकं तिथेच निवड करायची राहून जाते कारण ती आधीच दुसऱ्या कोणीतरी करून ठेवलेली असते.

ट्रिप मुळात दोन जातींच्या. पहिली ट्राय डाइव्ह, म्हणजे डीएसडी (डिस्कव्हर स्कूबा डायव्हिंग), ज्यांच्याकडे काहीच सर्टिफिकेट नाही त्यांच्यासाठी. पोहता येत नसलं तरी चालतं, खोली जास्तीत जास्त १२ मीटर (प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याहून कमीच), वय किमान १०, आणि इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ सोबत. हॅवलॉकला ही बरेचदा निमो रीफला होते, किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरायचं. दुसरी फन डाइव्ह, ती सर्टिफाइड लोकांसाठी: ओपन वॉटर हा पहिला कोर्स केलेल्यांना १८ मीटर, अ‍ॅडव्हान्स्ड हा त्यापुढचा कोर्स केलेल्यांना ३० मीटर. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा केलंय म्हणून आता खोल साइटला न्या, असं बरेच जण सांगतात, पण तीसुद्धा ट्राय डाइव्हच होती, तिच्यावर लायसन्स मिळत नाही.

ट्राय डाइव्हला साइट कुठली हे फारसं महत्त्वाचं नाही, माणूस महत्त्वाचा. विचारायचं ते हे की एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमात चारपर्यंत चालतात, पण पाण्याची भीती असेल तर एकास एकच घ्यावं आणि त्यासाठी दोन पैसे जास्त गेले तरी जाऊ द्यावेत. मेडिकल फॉर्म वाचायला देतात का, की नुसतीच सही घेतात? दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, प्रेग्नन्सी यातलं काही असेल तर डॉक्टरच्या परवानगीशिवाय पाण्यात न उतरवणारा शॉपच चांगला. आणि खोल जाण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात सराव झालाच पाहिजे, रेग्युलेटरमधून (टाकीतली हवा देणारं, तोंडात धरायचं साधन) श्वास, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने फुंकून काढणं, कान मोकळे करणं. दोन-तीन मीटरवरच कानाला दडे बसायला लागतात, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखेपर्यंत थांबायचं नाही. खुणाही तिथेच शिकवतात. वर केलेला अंगठा म्हणजे पाण्याखाली ‘वर जायचंय’, आणि आपल्याला तर सगळं मस्त चाललंय सांगायला अंगठाच दाखवायची सवय, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर हौसेने अंगठा दाखवला की इन्स्ट्रक्टर वर न्यायला लागतो. ठीक आहे म्हणायला तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल करायचा. श्वास तर कधीच रोखायचा नाही, कारण दर १० मीटरला दाब एका वातावरणाने (म्हणजे समुद्रसपाटीवर हवेचा जेवढा दाब असतो तेवढ्याने) वाढतो, म्हणजे १० मीटरवर छातीत घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते आणि रोखून धरली तर फुफ्फुसाला इजा होते. हे सगळं पाच मिनिटांत उरकून थेट फोटो-व्हिडिओच्या पॅकेजवर बोलणारा शॉप मला पटत नाही.

सर्टिफाइड लोकांनी मात्र साइट बघूनच ट्रिप घ्यावी. अ‍ॅक्वेरियम, लाइटहाऊस या तुलनेने सोप्या. जेट्टीजवळची द वॉल उथळ पाण्यात सुरू होऊन खोल उतरत जाते, तिथे मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर (खोली आणि वेळ दाखवतो तो) लक्ष हवं. डिक्सन्स पिनॅकल म्हणजे तळातून उठलेले तीन खडक, त्यांचा माथाच साधारण १८ मीटरवर, म्हणजे ओपन वॉटरवाल्याची मर्यादा संपते तिथे ही साइट सुरू होते. जॉनीज गॉर्जही खोलच. माशांचे थवे बघावे तर इथेच, बाराकुडा, ट्रेव्हली, स्नॅपर, पण करंट (पाण्याची ओढ) असला की मुरिंगचा (बोट बांधायचा) दोर धरून खाली जावं लागतं आणि हवा भराभर संपते. मागची डाइव्ह होऊन वर्ष उलटलं असेल तर आधी सोप्या साइटवर रिफ्रेशर, म्हणजे उजळणीची डाइव्ह, करावा. शेवटी साइट त्या सकाळचा समुद्र ठरवतो, त्यामुळे डिक्सन्सला नेणारच अशी आठवडाभर आधी खात्री देणाऱ्यापेक्षा ‘उद्या सकाळी बघून सांगतो’ म्हणणारा बरा.

जानेवारी ते एप्रिल समुद्र बहुधा शांत आणि पाणी स्वच्छ, जून ते सप्टेंबर पावसाळा. निमो रीफसारख्या किनाऱ्यावरच्या जागांना भरती-ओहोटी बघून वेळ ठरते, म्हणून हॉटेलच्या सोयीने वेळ मागू नये. अंदमानात हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, सकाळची ट्रिपच घ्यावी.

प्रवाळाबद्दल आधीच सांगितलेलं बरं. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापून अंदमानातलं खूप प्रवाळ पांढरं पडलं आणि उथळ भागातलं बरंच मेलं, त्यामुळे रंगीत बगिचाच दिसेल अशी अपेक्षा ठेवून गेलं तर राखाडी फांद्या बघून हिरमोड होतो. मासे मात्र भरपूर. जे जिवंत आहे त्यावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही, आणि ग्राहकाला प्रवाळ धरून फोटो काढायला लावणाऱ्या शॉपकडे जाऊच नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे, किनाऱ्यावर पडलेला तुकडाही बॅगेत घालायचा नाही.

राहिलं विमान. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, अंगात विरघळलेला नायट्रोजन उंचावर बुडबुडे होऊन बाहेर येतो आणि त्यातून बेंड्स नावाचा गंभीर आजार होतो. पॅकेज बुक करताना टूरवाल्याला स्कूबा हॅवलॉकच्या पहिल्या सकाळी टाकायला सांगावं, म्हणजे हवामानाने एक दिवस खाल्ला तरी दुसरी सकाळ हातात राहते आणि परतीच्या फ्लाइटआधी पुरेसे तास मिळतात.