बहात्तर तास दोन्हीकडे, पण गोळ्या वेगळ्या

मेडिकलच्या काउंटरवर बसलं की एक गिऱ्हाईक लांबूनच ओळखू येतं. आधी डोकेदुखीची गोळी मागणार, मग दुकान रिकामं व्हायची वाट बघणार आणि शेवटी हळूच, "ती ७२ तासवाली द्या." गेल्या आठवड्यात एका पोराने पाकीट खिशात घालता घालता विचारलं, "मग आता रोगाचंही टेन्शन नाही ना?"

आहे की!

ही गोळी असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, गर्भ राहू नये म्हणून. औषध लेव्होनॉर्जेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम, एकदाच घ्यायची. ती स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते, बाकी काही करत नाही. जितकी लवकर तितकी बरी. घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची, पाळी आठवडाभर पुढे गेली तर टेस्ट करायची. एचआयव्ही, सिफिलिस, गोनोरिया अशा संबंधातून लागणाऱ्या रोगांशी तिचं देणंघेणं नाही.

घोळ होतो तो आकड्याचा. एचआयव्ही टाळायच्या उपचारालाही ७२ तासांचीच मुदत आहे. त्याला पेप म्हणतात. पण ही मुदत सुरू करण्याची. औषध पुढे २८ दिवस रोज घ्यायचं, एकही दिवस न चुकवता. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर, बहुतेक वेळा तिन्ही एकाच गोळीत. विषाणूने शरीरात ठाण मांडायच्या आत त्याला अडवायचं, म्हणून तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही; पहिल्या काही तासांत मिळालं तर उत्तम. शिवाय गर्भ टाळायची गोळी बाईसाठी, पेप मात्र ज्याला धोका झाला त्याच्यासाठी, मग तो पुरुष का असेना.

पेप मी काउंटरवरून देत नाही, आणि तो भाव खाण्याचा प्रकार नाही. सुरुवातीलाच एचआयव्हीची टेस्ट करतात, पण पहिला डोस तिच्या निकालासाठी अडवायचा नसतो. आधीच लागण असेल तर हा उपचार पुरत नाही. हिपॅटायटिस बी सुद्धा तपासतात, कारण यातली दोन औषधं त्यावरही चालतात आणि ती मध्येच थांबवली की कावीळ उसळू शकते. गरज आहे की नाही हे एआरटी केंद्रातले, म्हणजे एचआयव्हीवर उपचार होतात तिथले, डॉक्टर ठरवतात. रात्र असेल तर मोठ्या सरकारी दवाखान्याची कॅज्युअल्टी गाठायची. सिफिलिस, गोनोरिया पेपनेही अडत नाहीत, त्यांची तपासणी वेगळी.

त्या पोराला विचारलं, "कधी झालं?" म्हणाला, "परवा रात्री." बोटांवर मोजलं, चाळीस तास होऊन गेले होते. त्याच्या बिलाच्या मागे १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा नंबर लिहिला आणि म्हटलं, "घरी नंतर जा, आधी दवाखान्यात."